बूड न काढलेलं ओगराळं

त्या सकाळी मी देवळात निघाले ते एक ओगराळं टांगायला. बाकी काही काम नव्हतं. पायऱ्या संपतात तिथं, कमानीच्या आत, हात धुवायची दगडी डोणी आहे. तिच्यावरचं जुनं ओगराळं उन्हापावसानं चिरलं होतं. पाणी घेतलं की मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळायचं. पुजारी शहरात राहतो. वर्षातून दोनदा येतो, साके पितो, जातो. झाडलोट, पाणी, दिवा सगळं मी बघते, तेव्हाही मीच बघत होते. मला कुणी नेमलं नव्हतं. कुणीतरी नेमील म्हणून वाट बघत बसणारी बाई मी नव्हे.

तेहतीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा शेहेचाळीसची होते. आजवर गावाला मी ही गोष्ट एका तऱ्हेनं सांगत आले, आज खरी सांगते. दिवा जरा अलीकडे ओढा. आणि मध्येच 'मग? मग?' करू नका. मी सांगायला बसले की सांगते, मला ढोसावं लागत नाही.

आमचं नामिउरा म्हणजे चाळीस घरं. मागं डोंगर, पुढं दर्या, आणि भूशिरावर दर्याच्या देवाचं, कोंपिराचं, देऊळ. एकशे बारा पायऱ्या. कोंपिरा शेतकऱ्याचं ऐकत नाही, व्यापाऱ्याचंही नाही. तो फक्त ओल्या माणसांना ओळखतो. त्याच्या भिंतीला ओगराळ्यांची रांग टांगलेली असते, लांब दांड्याची, देवदाराची, आणि प्रत्येकाचं बूड फोडलेलं. गावातली होडी पाण्यात गेली की त्यातलं एक बरोबर नेते.

कशाला, ते आमच्यात पोराटोरालाही ठाऊक आहे. बुडालेली माणसं धुक्यात होडीशी येतात. कडेला हात लावतात आणि म्हणतात, ओगराळं दे. नाही म्हणायची सोय नाही, म्हटलं की होडीच ओढतात. द्यायचं, पण बूड फोडलेलं द्यायचं. मग ती बिचारी त्यानं होडीत पाणी भरत बसतात, आणि आत थेंब पडत नाही. कंटाळून जातात. बूड असलेलं दिलंत, तर होडी भरलीच म्हणून समजा. आमची किनूकाकी म्हणायची, "वैर नसतं गं त्यांचं. एकटं वाटतं. सोबत हवी असते."

बुडं फोडायचं काम आम्हा विधवांचं. ज्यांची माणसं दर्यानं नेली त्यांनीच फोडायचं, दुसरीच्या हातचं बुडालेल्यांना लागू पडत नाही. लाकडी हातोडीचा एकच घाव. आणि एक नेम आहे. जो गेला त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, मनातसुद्धा नाही. बोललीस की त्याला वाट सापडते, असं म्हणतात. तेवीस वर्षं मी तो नेम पाळला होता. देवळात मी देवाशी बोलायची, आणि भांडायचीही. पण गेंझोशी अक्षर बोलले नव्हते.

गेंझो माझा नवरा. माकूळ मासे धरायला गेला होता कार्तिकाच्या थंडीत, आणि आलाच नाही. मला सहावा महिना होता. थडग्यात आम्ही त्याची पितळी चिलीम पुरली, दुसरं काही हाती लागलं नव्हतं. पोर झालं, मुलगा झाला. सुमिओ नाव मी ठेवलं. वाचायला मी पुढं त्या देवळातच शिकले, भिंतीवरच्या पाट्यांवरून. बुडालेल्यांची नावं असतात त्यांवर. माझ्या नवऱ्याचं नाव मला आधी वाचता आलं, माझं मग.

तर त्या दिवशी उनीची मुभा होती. उनी म्हणजे दर्याच्या तळाचा तो काळा काटेरी जीव, फोडला की आत पिवळाधमक गर. वर्षातले मोजके दिवस मच्छीमारांचा संघ निशाण चढवतो. मग पहाटे सगळ्या होड्या एकदम सुटतात, आणि दोन तासांनी निशाण उतरलं की वर. एका होडीत एक माणूस. काचेचं बूड असलेली पेटी पाण्यावर टेकवायची, तिच्यात डोकं घालायचं आणि खाली बघत आकडीनं उनी उचलायचे. पेटीत डोकं असलेल्या माणसाला मागं काय चाललंय ते दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

सुमिओ होडी ढकलताना मला म्हणाला, "आई, मोठं घमेलं धुऊन ठेव. गेल्या वर्षीचं पुरलं नव्हतं."

"आधी आण तरी. गेल्या वर्षी घमेल्यात निम्मं पाणीच होतं."

किनूकाकी वाळूवर पाय पसरून बसली होती. सत्तरीची, पण जीभ विशीची. ती म्हणाली, "पोरा, लग्न कर. मग घमेलं धुणारी वेगळी मिळेल आणि ही म्हातारी माझ्याशी भांडायला मोकळी होईल."

"काकी, तुम्हीच बघा की एखादी."

"बघितली होती. तिनं तुझे कान बघितले आणि पळाली."

सुमिओचे कान पुढं आलेले आहेत. तो हसला, वल्हं घेतलं. होडीच्या पुढच्या टोकाला फोडलेलं ओगराळं बांधलेलं मी स्वतः बघितलं. गाठही ओढून बघितली. ते माझ्याच हातचं होतं. आदल्या दिवशी कारागिराकडून बारा आणली होती. अकरा फोडली आणि एक तसंच ठेवलं, देवळाच्या डोणीसाठी.

अकरा होड्या गेल्या. मी ते बारावं घेऊन पायऱ्या चढले.

नव्या देवदाराचा वास तुम्हाला माहीत आहे का? गोड आणि कोरडा. मी चढताना तो माझ्या नाकाशी होता, म्हणून बदल झालेला मला जरा उशिरा कळला. डोणीवरच्या खिळ्याला ओगराळं अडकवलं. हात धुतले. टाळी वाजवून देवाला जागं केलं. आणि टाळीचा आवाज परत आलाच नाही. एरवी तो खालच्या कड्यावर आपटून येतो. मी मागं वळले तर कड्याचा पत्ता नव्हता. दर्याही नव्हता.

यामासे. उन्हाळ्यातला तो गार वारा, ईशान्येकडून येतो आणि मागून धुकं ओढत आणतो. आषाढात अंगावर काटा आणणारा वारा आहे तो. असं धुकं आलं की आधी लांबचे आवाज जातात, मग जवळचे. लाटा ऐकू येईनात. चिमण्या गप्प. छपरावरून थेंब पडत होता, तोही कुठं पडतो ते कळेना. मी झाडू घेतला. काम असलं की भीती वाटत नाही असा माझा अनुभव, आणि तोवर तो खरा होता.

पायऱ्यांवर कुणीतरी चढत होतं.

चपलांचा आवाज नव्हता. ओलं कापड पिळल्यासारखा आवाज, मग थांबणं, मग पुन्हा. एकेका पायरीला. आणि वास आला. जाळं भिजलेलं तसंच गुंडाळून ठेवलं आणि विसरलं, की येतो तसा. माझा देवदार त्यात बुडाला.

कमानीच्या बाहेर माणूस उभा राहिला. आत आला नाही. डोक्यावर गवताची टोपी, इतकी खाली ओढलेली की तोंड दिसेना. अंगातून पाणी गळत होतं, सारखं, थांबतच नव्हतं. धुक्यात भिजलेला माणूस असा गळत नाही.

"ओगराळं..." तो म्हणाला. "दे."

"पाणी प्यायचंय?" मी विचारलं. माझाच आवाज मला कापसातून आल्यासारखा वाटला. "कुठल्या गावचे तुम्ही? या की आत, डोणीवर."

त्यानं मान हलवली नाही. थोड्या वेळानं पुन्हा, तसंच, त्याच पट्टीत...

"ओगराळं... दे ना."

आणि हात पुढं केला.

गावाला मी सांगितलं ते इथवर खरं आहे. पुढं मी सांगितलं, की परगावचा खलाशी समजून मी ओगराळं दिलं, धुक्यात तोंड दिसलं नाही. ते तोंडाचं खरंच आहे. पण हात दिसला.

जाड निळा बाहीदार अंगरखा, टाक्यांनी भरलेला. आमच्याकडे बायका नवऱ्याच्या अंगरख्यावर सगळीकडे टाके घालतात, थंडी लागू नये म्हणून, आणि दुसरंही कारण आहे, ते कुणी बोलत नाही: तोंड ओळखू येईनासं झालं तर टाके ओळखू यावेत म्हणून. मी शिवत होते त्या रात्री पांढरा दोरा संपला. डाव्या मनगटाशी चार टाके उरले होते. मी म्हटलं, कोण बघतंय, आणि लाल दोऱ्यानं पुरे केले. गेंझो दुसऱ्या दिवशी हसला होता. म्हणाला, "दर्यात नवरी शोभेन मी."

चार लाल टाके. तेवीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहून दोरा जसाच्या तसा लाल होता.

माझ्या उजव्या हाताला भिंत होती. भिंतीवर बूड फोडलेली ओगराळी, सतरा-अठरा तरी असतील. हात लांबवला असता तर मिळालं असतं. डाव्या हाताला डोणी, आणि तिच्यावर ते एकच नवं. मला सगळं माहीत होतं. मी काही बाहेरगावची बाई नव्हते.

पण बघा. घरात माणूस असला की दिवसातून शंभर गोष्टी मागतो. चिलीम दे, पंचा दे, मीठ कमी आहे, दार लाव. बाई वैतागते. मला तेवीस वर्षं कुणी वैतागवलं नव्हतं. पोर मागतं ते वेगळं, पोराला देणं म्हणजे आपल्यालाच देणं. आणि हा इतक्या वर्षांनी, एकशे बारा पायऱ्या चढून, काहीतरी मागायला आला होता. त्याच्या हातात मी फुटकं भांडं ठेवू? दारात आलेल्या भिकाऱ्यालाही मी तसं दिलं नाही कधी.

मी डोणीवरचं काढलं. कमानीपर्यंत गेले आणि दांडा पुढं केला.

त्यानं धरला. त्याची बोटं मला लागली नाहीत. लागावीत म्हणून मी माझा हात तिथंच ठेवला होता.

तो वळला. ओल्या कापडाचा आवाज एकेक पायरी खाली जायला लागला. आणि मी, माझ्या जिभेला काय झालं होतं कुणास ठाऊक, शेजाऱ्याला चाळण उसनी दिल्यासारखं म्हटलं, "परत आणून दे हं."

आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा खाली... खाली... आणि गेला.

मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. कमानीखाली पाण्याचं थारोळं होतं, त्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. खारट. तेवढ्यात खालून धापा टाकत किनूकाकी आली. सत्तरीची बाई, न थांबता चढली होती.

"शिगे! अगं बहिरी झालीस का? नगारा वाजव! होड्या आंधळ्या झाल्यात. निशाणाची काठीसुद्धा दिसेना, कुणाला किनारा कुठंय ते..." आणि थांबली. तिची नजर डोणीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली. "नवं ओगराळं कुठंय?"

"दिलं."

"कुणाला?"

तिनं कमानीखालचं पाणी बघितलं. नाक वर करून वास घेतला. चाळीस वर्षं विधवा असलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

"बूड फोडून दिलंस ना?" ती अगदी हळू म्हणाली.

मी खारट बोट कपड्याला पुसलं.

"शिगे, फोडून दिलंस ना गं?"

"गेंझो होता, काकी."

"अगं भवाने! तुझं पोर पाण्यात आहे!"

"तो बाप आहे त्याचा. तो काय त्याला..."

"बाप?" तिनं माझे दोन्ही दंड धरले. "त्याला काय माहीत? मुलगा झाला की मुलगी, जगलं की गेलं, कुणी सांगितलं त्याला? तू सांगितलंस? त्याला अकरा होड्या दिसतायत आणि अकरा परकी माणसं. आणि हातात तू दिलेलं ओगराळं आहे!"

तेव्हा उनीच्या पेटीत डोकं घालून बसलेलं माझं पोर मला दिसलं, पाठ वर, कान पुढं. ज्याच्या हातात ओगराळं आहे तो मागत नाही. कडेला हात लावून विचारत नाही. तो नुसता भरतो.

मी नगाऱ्याकडे धावले. टिपरू उचललं आणि हाणलं. धुकं असलं की नगारा वाजवायचाच असतो, त्यावरून होड्या घर शोधतात. पण मी नुसता वाजवला नाही. मी नेम मोडला. तोंड उघडलं.

"गेंझो!" धम्म. "तेवीस वर्षं तोंड दाखवलं नाहीस, आलास ते ओगराळं मागायला! ऐक! त्या होडीत तुझं पोर आहे!" धम्म. "मुलगा! नाव सुमिओ! सुमिओ! हिरवा पट्टा आहे होडीला! तुझ्यासारखेच कान आहेत त्याला, आंधळ्या, हात लावून बघ! सुमिओ!"

किनूकाकी माझ्या शेजारी जमिनीवर बसून कपाळ टेकत होती. मी थांबले नाही. घसा फाटला, तोंडात रक्ताची चव आली. देवाच्या दारात मी नवऱ्याला जे जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं म्हटलं. चिलीम पुरल्याचं सांगितलं, सासू कशी गेली ते सांगितलं. लाल टाक्यांबद्दल माफी मागितली. आणि दर चार शब्दांनी, सुमिओ. सुमिओ.

होड्या एकेक करून आल्या. नगाऱ्याच्या आवाजावर आल्या, खालून माणसांचे आवाज यायला लागले. किनूकाकी पायऱ्यांच्या टोकाशी उभी राहून मोजत होती. सात. आठ. दहा. मी टिपरू सोडलं नाही.

अकरावी बऱ्याच वेळानं आली.

सुमिओ होडीतून उतरला तेव्हा त्याचं तोंड उकडलेल्या माकुळासारखं पांढरं होतं. मी खाली पोचेपर्यंत त्याला वाळूवर बसवलं होतं. बाकीच्यांसमोर तो काही बोलला नाही. घरी शेगडीशी बसल्यावर, मी आणि काकी दोघीच असताना, बोलला.

"पेटीत डोकं होतं, आई. पाय गार पडले. वाटलं भोक पडलंय. वर बघतो तर घोट्यापर्यंत पाणी... मग गुडघ्यापर्यंत. आणि आवाज. कुणीतरी ओततंय. शांतपणे. घाई नाही काही."

"दिसलं काही?" काकीनं विचारलं.

"बाही दिसली. कडेवरून यायची, ओतायची, जायची. मी आपलं ओगराळं सोडून पुढं केलं. घेतलंच नाही. त्याच्याकडे होतं, आई. नवं कोरं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मनगटाशी लाल टाके होते."

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी शेगडीत कोळसा सारला.

"मग नगारा ऐकू आला. काय ओरडत होतीस ते कळलं नाही, लांब होतं. पण त्याला कळलं असावं. तो थांबला. आणि मग कुणीतरी म्हणालं... सुमिओ. अगदी कडेशी. असं म्हणालं, की जसा नवा शब्द तोंडात घोळवून बघावा. सु... मिओ. दोनदा." पोरानं हात शेगडीवर धरले. "आणि पाणी उपसायला लागला. आतलं बाहेर. त्याच ओगराळ्यानं. पार कोरडी केली होडी. फळ्यासुद्धा पुसल्यासारख्या. मला ओततानाची भीती वाटली नाही इतकी त्या कोरड्या फळ्यांची वाटली."

मी त्याला पोटाशी धरलं. बावीस वर्षांचा घोडा, धरू दिलं त्यानं.

रात्री निघताना काकी दारात थांबली. मला वाटलं आता शिव्या घालील, आणि मी त्या ऐकून घेणार होते. ती म्हणाली, "माझा नवरा गेला. दोन पोरं गेली. चाळीस वर्षं बुडं फोडते मी. मला कुणी येऊन काही मागितलं नाही, शिगे." मग चपला शोधत म्हणाली, "मागितलं असतं तर मीही बुडाचंच दिलं असतं."

तिनं कुणाला सांगितलं नाही. ते गुपित घेऊनच ती गेली.

तिसऱ्या दिवशी कळलं. पलीकडच्या खाडीतल्या होड्याही त्या पहाटे उनीला उतरल्या होत्या. त्यातली एक परत आली नाही. हिदेतारो नावाचा माणूस, एकतीस वर्षांचा. वादळ नव्हतं, दर्या तेलासारखा होता. होडी नंतर तळाशी सापडली, सरळ बसलेली, कुठं भोक नाही, ओरखडा नाही. काठोकाठ भरली होती, एवढंच. त्याचं नाव मी नगाऱ्यावरून ओरडले नव्हते. मला ते माहीतच नव्हतं.

वसंतातल्या जत्रेला त्याची बायको आमच्या देवळात आली, पहिलं बूड फोडायला. कोवळी पोर. तिला हातोडी धरता येत नव्हती. मी तिच्या हातात हातोडी दिली, कुठं मारायचं ते दाखवलं. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. तिनं मला वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून मी नावं सांगते. गावात पोर जन्मलं की बारशानंतर मी देवळात जाते आणि दर्याकडे तोंड करून नाव ओरडते. बापाचं नाव, होडीचा रंग, कान-नाक कसं आहे, सगळं. आधी लोक हसले. म्हणाले, शिगे म्हातारी वेडी झाली. मग पलीकडच्या खाडीतूनही लोक पोरं घेऊन यायला लागले, भाताचे लाडू आणायला लागले. आता तो रिवाज झाला आहे, शहरातला पुजारीसुद्धा मान डोलावतो. तेहतीस वर्षांत दोन्ही खाड्यांत धुक्यानं एकही माणूस नेलेला नाही. लोक म्हणतात, कोंपिराची कृपा.

मीही तसंच समजत होते. नाव ऐकलं की तो सोडतो.

परवा यामासे आला. मी एकोणऐंशीची आहे, पायऱ्या तीनदा बसून चढते. सुमिओ आता पंचावन्नचा, त्याचा मुलगा नाओया होडी चालवतो. त्या दिवशी निशाण नव्हतं, सगळे घरी होते, म्हणून जिवाला घोर नव्हता. डोणीवर हात धुतले. टाळी वाजवली, ती परत आली नाही. आणि त्या शांततेत खालून, कड्याच्या पायथ्याकडून, आवाज आला. पाणी ओतल्याचा. थांबणं. पुन्हा.

मी कठड्याला पोट टेकून वाकले.

नावं म्हणत होतं कुणीतरी. मी सांगितलेली, मी सांगितली त्याच क्रमानं. माझी स्मरणशक्ती अजून धड आहे, मी बोटांवर धरत गेले. एक नाव, एक ओगराळं पाणी. एक नाव, एक ओगराळं. पहिलं सुमिओ. आता अडखळत नव्हता, तोंडात बसलं होतं. मग बाकीची, दोन्ही खाड्यांची, पोराबाळांची झालेली, शहरात गेलेली, सगळी. चौऱ्याहत्तर नावं. शेवटचं गेल्या हिवाळ्यात जन्मलेल्या पोराचं, मीच ओरडलेलं.

मग जरा थांबणं. आणि आणखी एक ओगराळं. त्याच्यापुढं नाव नव्हतं.

मी घरी आले. नाओयाची बायको आयानो स्वयंपाकघरात मोरीवर वाकली होती. मासा खरवडता खरवडता तिला उमळून आलं होतं. मी पाठीवर हात ठेवला.

"कितवा महिना?"

ती दचकली. "दुसराच आहे, आजी. तुम्हाला कुणी सांगितलं? मी नाओयालाही बोलले नाही अजून."

"तोंडावरून कळतं," मी म्हटलं. खोटं मला आजवर कधी जड गेलं नाही.

ती आता मागं लागली आहे, आजी, नाव तुम्हीच सुचवा, देवळात तुम्हीच सांगा. मी म्हणते, घाई कशाला. रात्री अंथरुणात मी तो आवाज आठवते. होडीत पाणी पडतं तेव्हाचा आवाज मला ठाऊक आहे, आणि होडीतून उपसून बाहेर टाकतात तेव्हाचाही. सत्तर वर्षं ऐकत आले. परवाचा त्यातला कुठला होता, ते मला काही केल्या ठरवता येत नाही.